गावचं कॅलेंडर आणि मनाच्या आजारांचे दिवस: २०२६ च्या तारखा कशा बसवायच्या?

खाडीकाठ | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या खाडीलगतच्या एका गावात राहते, हायस्कूलला शिकवते. गेल्या ग्रामसभेत मी मानसिक आरोग्याचा विषय काढला तेव्हा सरपंचताई म्हणाल्या, "बाई, वर्षभराच्या तारखा तुम्हीच काढून आणा, २६ जानेवारीच्या सभेत ठेवू." तारखा काढायला बसले आणि अडकले, म्हणून हा धागा.

तारखा सापडायला कठीण नाहीत. ३० मार्च बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो आजार) दिन, २ एप्रिल स्वमग्नता (ऑटिझम) दिन, मे महिन्याचा पहिला बुधवार बाळंतिणींच्या मानसिक आरोग्याचा, २४ मे स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयांचा आजार) दिन, २६ जून व्यसनविरोधी दिन, १० सप्टेंबर आत्महत्या प्रतिबंध दिन, २१ सप्टेंबर अल्झायमर (स्मृती जात राहण्याचा आजार) दिन, आणि सगळ्यांत मोठा १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. तो १९९२ पासून पाळतात, वर्ल्ड फेडरेशन फॉर मेंटल हेल्थ या संस्थेने सुरू केला.

अडतं ते आपल्या गावाच्या रहाटीपाशी. यंदा १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे, वर दुसरा शनिवार. घरोघरी पानं वाढायची गडबड आणि सरकारी कचेऱ्यांना सुट्टी. १० सप्टेंबरला गणेशचतुर्थी चार दिवसांवर आलेली असेल. माटवी (गणपतीवरचा मांडव) बांधायची, भिंती रंगवायच्या, मुंबईच्या गाड्या यायच्या. २ एप्रिलला हनुमान जयंती. कार्यक्रम ठेवला तर येणार कोण?

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागलेली आहे. गेल्या वर्षी १० ऑक्टोबरला जवळच्या एका शाळेत कार्यक्रम झाला. बॅनर छान होता, दीपप्रज्वलन झालं, पाहुणे पाऊण तास 'सकारात्मक विचार' या विषयावर बोलले. चहाच्या वेळी एक पन्नाशीची बाई माझ्याजवळ आली. पदराच्या गाठीतून तिने गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढली, चारदा घडी घातलेली, नाव पुसट झालेलं. म्हणाली, "बाय, ह्यो गोळ्यो खय गावतल्यो? झिलाच्यो चार दिवस झाले संपल्यो." पाहुण्यांची गाडी तोवर निघून गेली होती. तिथे हजर असलेल्या शंभर-सव्वाशे माणसांत, मुलाच्या गोळ्या कुठे मिळतील या तिच्या प्रश्नाचं उत्तर एकालाही देता आलं नाही. मलाही नाही. मी स्ट्रिपचा फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोन करत बसले.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, १९ वर्षं झाली. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. आम्ही त्याला पहिल्यांदा दाखवलं ते आजार सुरू झाल्यावर अडीच वर्षांनी. तोवर कौल लावून झाले, दोन भगत झाले, एक लग्न मोडून झालं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चारांपैकी एक (बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला), हे आम्हाला माहीत होतं, पण कसं? "तेका रत्नागिरीक धाडूक होयो" ही आमच्याकडे शिवी आहे. शिवी म्हणून माहीत असलेल्या जागी आपलं माणूस न्यायला पाय उचलत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जगाच्या तारखा आहेत त्या असू देत, पण गावात दिवस पाळायचा तो गाव जेव्हा त्या विषयाच्या जवळ असतं तेव्हा. आणि प्रत्येक दिवसाला एक काम जोडलेलं हवं. भाषण नको, काम. तुमच्याकडे कसं करतात, काय करता येईल, लिहा.

-----

उपकेंद्रातली ताई | ११ जानेवारी, रात्री १०.५५

खाडीकाठ, स्ट्रिपवाली बाई डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मी आरोग्य खात्यात परिचारिका आहे, बावीस वर्षं कोकणातच. तुमच्या सभेत सांगायला थोडी माहिती देते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, आणि त्याच्या पोटातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते आणि तिथे गोळ्या मोफत मिळतात. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी निघायचं, संपल्यावर नाही, हे एक वाक्य जरी घरोघरी पोचलं तरी निम्मे रुग्ण परत बिघडायचे वाचतील, असं माझा अनुभव सांगतो.

दुसरं, टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा. नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चोवीस तास चालतं, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आजारी माणसानेच फोन करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. रात्री दोन वाजता घरात माणूस उठून बसलाय, बोलत सुटलाय, एसटी सकाळी सहाची, अशा वेळी काय करायचं हे विचारायला कोणीतरी आहे हेच मोठं आहे.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली होती. त्यात प्रौढांमध्ये शंभरातल्या दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. तुमच्या गावात प्रौढ हजार असतील तर हिशेब तुम्हीच करा.

१० ऑक्टोबरबद्दल: सुट्टी आणि अमावास्या दोन्ही खरं. सरळ पुढे ढकला. आमच्या वरिष्ठांना आठवड्याच्या आत कार्यक्रम झाल्याचा अहवाल चालतो.

-----

लालबागहून | १२ जानेवारी, सकाळी ८.१५

आम्ही चाकरमानी, गाव कणकवलीजवळ. २१ सप्टेंबरबद्दल बोलायचंय, कारण तो दिवस आमच्या घरचा आहे.

आमचे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. २०१९ च्या गणपतीत आम्ही सगळे भाऊ घरी. बाबांनी रात्री भजनात गजर असा उचलला की शेजारच्या वाडीची माणसं उठून आली. अभंग अख्खा पाठ, एक अक्षर इकडे तिकडे नाही. आणि दीड वाजता भजन आटपून घरी येताना आपल्याच वाडीत वाट चुकले. पाणंदीत उभे होते, बॅटरी हातात, पेटवलेली नव्हती. आम्ही म्हटलं, जागरण झालं, वय झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला तीनदा विचारलं, "गणपती आणलात काय?" आणि गणपती समोर होता. आम्ही हसलो. ते हसणं मला आज सहन होत नाही.

पुढे दोन वर्षांनी अल्झायमरचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, जुनं गाणं, जुना ताल शेवटपर्यंत टिकतो, आधी जातं ते ताजं. आम्ही भजन बघून ठरवत होतो की बाबा ठणठणीत आहेत.

आई वर्षभर सांभाळून घेत होती, आम्हाला फोनवर काही कळू दिलं नाही. मुलं सगळी एकत्र घरी असतात ती चतुर्थीलाच. तेव्हाच बोलायला हवं. कार्यक्रम नको, नुसतं आरतीनंतर दहा मिनिटं कोणी येऊन सांगितलं की बाबा, हे हे दिसलं तर म्हातारपण म्हणून सोडू नका, तरी पुरे. यंदा २१ सप्टेंबर गणपतीतच येतोय. फक्त गौरी गेल्या की आमच्यातले निम्मे गाडीत बसतात, म्हणून त्याच्या आधी घ्या.

-----

दांडीवरचा होडीवाला | १२ जानेवारी, दुपारी ३.२०

बाई, मी मालवणचो. अकरा वर्षां झाली, दारू सोडलंय. लिहिण्याची सवय नाही, मुलगी टाइप करते आहे, म्हणून पुढे तिच्या भाषेत.

२६ जूनला दरवर्षी इथे मुलांची रॅली निघते, ड्रग्ज नको म्हणून. चांगलं आहे. पण आमच्या किनाऱ्यावर माणसं मरतात ती दारूने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाप घालून शाकारलेल्या, पाऊस कोसळतोय, हातातला पैसा जूनच्या मध्यापर्यंत संपतो, आणि माणूस दिवसभर घरात. बायका सांगतील तुम्हाला ते दोन महिने कसे जातात.

मला सांगायची ती गोष्ट वेगळी. मी पहिल्यांदा दारू सोडली ती स्वतःच्या जोरावर, एका दिवसात. पहिल्या दिवशी हात कापायला लागले. दुसऱ्या रात्री झोप नाही, घाम. तिसऱ्या दिवशी मला घराच्या भिंतीवरून बांगडे चढताना दिसायला लागले, ढीगच्या ढीग, आणि मी ते हाताने खाली ओढत होतो. घरच्यांनी ठरवलं की समुद्रावरचं काहीतरी लागलं. भगताला बोलवायला माणूस गेलासुद्धा. शेजारची एक मुलगी नर्सिंग शिकत होती, ती म्हणाली, हे दारू एकदम तोडल्याचं आहे, आत्ताच्या आत्ता दवाखाना. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की उशीर झाला असता तर फिट येऊन गेलो असतो.

तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली, हे आमच्या बंदरावर कोणीच सांगत नाही. शपथ घालतात. शपथ घेऊन माणूस घरी जातो आणि तिसऱ्या दिवशी त्याला भूत लागतं.

तुमचा दिवस २६ जूनला नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या, जाळी दुरुस्त करायला माणसं एकत्र बसतात तिथे. पंखा, माइक, खुर्च्या काही नको. सोडलेल्या माणसाने बोलावं आणि बरोबर एक डॉक्टर. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे १९८६ पासून, तिथे जाऊन आलेली माणसं आपल्याकडे आहेत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहायच्या, मीटिंगा आहेत, मी जातो. मला बोलवा, मी स्वतःच्या खर्चाने येईन.

-----

खाडीकाठ | १२ जानेवारी, रात्री ८.३०

काका, बोलावते म्हणजे बोलावतेच. जूनचा पहिला रविवार तुमच्या नावाने लिहून ठेवला.

@लालबागहून, आमच्या आजीचंही असंच झालं होतं, फक्त तेव्हा शब्द माहीत नव्हता. 'चळ लागला' म्हणायचे.

-----

जुना मास्तर | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

बाईंचं काम चांगलं आहे, आशीर्वाद. पण एक खटकतं ते मोकळेपणी सांगतो. हे सगळे दिवस बाहेरून आलेले. आपल्या गावाला माणूस सांभाळायची रीत होतीच की. देवळात गाऱ्हाणं घालायचं, बारा-पाच मानकऱ्यांसमोर माणूस आपलं दुःख सांगायचा, सगळे मिळून 'होय म्हाराजा' म्हणायचे. एकट्याचं दुखणं गावाचं व्हायचं. आता तुम्ही भगत, गुरव सगळ्यांना एका दावणीला बांधून अंधश्रद्धा म्हणणार, आणि मग म्हातारी माणसं तुमच्या कार्यक्रमाला येणार नाहीत. आणि निर्णय कोण घेतं घरात? तीच.

-----

उपकेंद्रातली ताई | १३ जानेवारी, दुपारी १.४०

गुरुजी, गाऱ्हाण्याबद्दल तुमचं पटतं. पण मी चाबकाचे वळ असलेली पोरगी तपासली आहे, बाळंत होऊन तेरा दिवस झालेली. झोपत नव्हती, बाळ आपलं नाही म्हणायची, कोणीतरी बदललंय म्हणायची. घरात 'बाळंतवात' शब्द माहीत होता सगळ्यांना. म्हणजे हे आजारपण आहे हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं! तरी तिला आधी झोडपलं, मग आणलं. उपचारांनी ती महिन्या-दीड महिन्यात बरी झाली. आज तिचं बाळ चौथीत आहे.

भूत काढायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे सांगायलाच लागेल. गाऱ्हाणं घालणारा हात आणि चाबूक मारणारा हात वेगळे धरू, इतकंच.

मे महिन्याचा पहिला बुधवार यंदा ६ मे ला आहे. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, मे महिन्यात तर घर भरलेलं असतं, आणि त्या भरल्या घरात ती एकटी रडत असते. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतात. ओवाळा, हरकत नाही. पण पंधरा दिवसांवर रडणं गेलं किंवा झोप उडाली तर आशाताईला सांगा. दहा प्रश्नांची एक सोपी चाचणी आहे, अंगणवाडीत बसूनही घेता येते. आणि बाळाला किंवा स्वतःला काही करायचे विचार येत असतील, भलतंसलतं दिसत-ऐकू येत असेल तर पंधरा मिनिटंही थांबायचं नाही.

-----

अबोली | १३ जानेवारी, रात्री ११.१०

मी २९ वर्षांची आहे, सावंतवाडीजवळ राहते, मला बायपोलर आहे. आजवर इथे फक्त वाचत होते.

३० मार्च हा बायपोलर दिन चित्रकार व्हॅन गॉगच्या जन्मतारखेवरून ठेवलाय. गावात व्हॅन गॉग कोणाला माहीत नाही आणि नसला तरी बिघडत नाही. पण तारीख कोकणासाठी अगदी बरोबर पडते, कारण तिच्यामागून उन्हाळा येतो. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना लिथियमची गोळी असते. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या काजूच्या बागेत मी सकाळपासून बिया गोळा करत होते. घामाने ओढणी पिळून काढावी अशी. संध्याकाळी उलटी, जुलाब, हात थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला. सगळे म्हणाले ऊन लागलं. डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून दिली. त्या गोळ्यांतल्या काहींनी लिथियम आणखी वाढतं, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. रात्रीची लिथियमची गोळीही मी इमानाने घेतली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट केलं, रक्त तपासल्यावर कळलं.

मी गोळ्या सोडलेल्या नाहीत, सोडा असं सांगतही नाही. त्या गोळीमुळे मी नोकरी करते आहे. पण पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ एकदम तोडू नका, जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीची गोळी नको, आणि रक्ताची तपासणी चुकवू नका, एवढं एका कागदावर छापून ३० मार्चला द्या. हातात कागद. बस.

आणि एक विनंती. आम्हाला स्टेजवर बोलवायचं तर आधी विचारा, आणि 'या बघा, आजार असूनही किती हुशार' असं म्हणू नका. एकदा मला शाल दिली होती. ती शाल अजून मला अंगावर घेववत नाही.

-----

खाडीकाठ | १४ जानेवारी, सकाळी ६.३०

अबोली, तुझी पोस्ट रात्री भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ती म्हणते तसा कागद माझ्या गोळीचा पण दे." त्याची गोळी वेगळी आहे, पण इतक्या वर्षांत त्याच्यासाठी असा कागद करावा हे मला सुचलं नाही. करते.

तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

-----

वाशिष्ठीकाठ | १५ जानेवारी, रात्री ९.००

चिपळूण.

तुमच्या यादीत एक तारीख नाही, आणि ती जगाच्या कुठल्याच यादीत नाही. २२ जुलै. २०२१ साली त्या दिवशी आमच्याकडे पूर आला आणि त्याच संध्याकाळी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. रायगड-दापोलीवाल्यांना असाच ३ जून २०२० आठवत असेल, निसर्ग वादळाचा.

आमची आई तेव्हापासून जुलै लागला की रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि वडिलांचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी घेऊन झोपते. पिशवीला तीन गाठी. पावसाचा आवाज वाढला की उठते, दार उघडते, रस्त्यावर पाणी आहे का बघते, बंद करते. रात्रीतून सहा-सात वेळा. दिवसा विचारलं तर म्हणते, काही नाही, झोप लागत नाही. घर दुरुस्त झालं, दुकान उभं राहिलं, भरपाईचे कागद झाले. आईच्या झोपेचा पंचनामा झाला नाही.

२०२५ च्या मानसिक आरोग्य दिनाचा विषयच आपत्ती आणि संकटकाळातली मदत हा होता. तो १० ऑक्टोबरला, पाऊस गेल्यावर, आमच्याकडे वाचून दाखवला गेला. मला वाटलं, हे जूनमध्ये सांगायला हवं होतं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आईला सांगितलं की तारीख जवळ आली की असं होणं माहितीतलं आहे, ही भित्रेपणाची गोष्ट नाही, आणि याच्यावर उपाय आहेत. त्या एका वाक्याने आई इतकी रडली की आम्ही घाबरलो. आता ती बरी आहे, पिशवी अजून आहे, गाठ एकच.

ज्याच्या त्याच्या गावाने आपली तारीख शोधावी, एवढं सुचवतो.

-----

जुना मास्तर | १६ जानेवारी, सकाळी ६.५०

वाशिष्ठीकाठ, तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. दिवस बाहेरचे म्हणालो होतो, पण २२ जुलै आपलाच आहे.

१० सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनाचं काय करणार? त्या विषयावर गावात बोलावं का, याचीच मला शंका आहे. पोरांच्या डोक्यात नसलेलं घालू नये.

-----

उपकेंद्रातली ताई | १६ जानेवारी, रात्री १०.२०

गुरुजी, ही शंका सगळ्यांनाच असते, म्हणून सविस्तर लिहिते. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ज्याच्या डोक्यात तो आधीच आहे त्याला कोणीतरी सरळ विचारलं की सुटल्यासारखं होतं. "जीव नकोसा झालाय का रे? मरून जावं असं येतं का मनात?" इतकं सरळ. मग उपदेश करायचा नाही, ऐकायचं, एकट्याला सोडायचं नाही, आणि १४४१६ किंवा दवाखाना. काय करू नये तेही तितकंच महत्त्वाचं: कोणी कसा जीव दिला त्याची वर्णनं नकोत, फोटो लावून चौकात फलक नकोत, एकच कारण चिकटवून मोकळं होणं नको. हा दिवस २००३ पासून पाळतात, आणि २०२४ ते २०२६ या तीन वर्षांचा त्यांचा विषयच या प्रश्नाकडे बघायची आणि बोलायची रीत बदलणं हा आहे.

कायद्याच्या भीतीने लोक दवाखान्यात खोटं सांगतात, वेळ जातो, माणूस जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ म्हणतो की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालायचं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम नाही. तेव्हा काय घेतलं, किती वाजता घेतलं, हे डॉक्टरांना खरं सांगा.

तारखेबद्दल माझं मत: चतुर्थीच्या आधी नको, नंतर घ्या. विसर्जन झालं, गाड्या मुंबईला गेल्या, माटवी उतरली की घरातला आवाज एकदम बंद होतो. गणपती गेल्यावरच्या त्या आठवड्यात ओपीडीला येणारी म्हातारी माणसं मी ओळखते. पाय दुखतात म्हणतात.

-----

लालबागहून | १७ जानेवारी, सकाळी ८.००

शेवटचं वाक्य वाचून आईला फोन केला. पोचल्यावर फोन करतोच आम्ही, पण चौथ्या-पाचव्या दिवशी करायचा असतो हे कधी लक्षात आलं नव्हतं.

-----

खाडीकाठ | २० जानेवारी, रात्री ९.१५

सगळ्यांचं वाचून कच्चं लिहिलंय, बघा.

मार्चअखेरीला, शिमगा आटपल्यावर, अबोलीचा कागद. माझ्या भावासारख्यांसाठी दुसरा. छपाईचा खर्च हायस्कूलचे माजी विद्यार्थी देतायत. ६ मे ला अंगणवाडीत बाळंतिणी आणि त्यांच्या आया, दोघी एकत्र, आणि सासूही आली तर उत्तम. २४ मे रविवारी येतोय, चाकरमानी गावात असतात, आंबा उतरत आलेला असतो. त्या दिवशी दाखल्याचं काम घेणार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यात धरलेला आहे, पण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि आमच्या गावात ते एकाकडेही नाही, माझ्या भावाकडेसुद्धा. अर्ज भरून द्यायला बारावीची मुलं बसवणार. जूनचा पहिला रविवार होडीवाल्या काकांचा. २२ जुलै आमच्या गावाचा नाही, पण आमच्याही खालच्या वाडीत भरतीला पाणी शिरतं, तेव्हा जून-जुलैत एक संध्याकाळ त्यांच्या ओसरीवर. गणपतीत, १७ सप्टेंबरला, भजनी मंडळाबरोबर घरोघरी दहा मिनिटं अल्झायमरबद्दल. बुवांना विचारलं, हो म्हणाले, आणि म्हणाले की त्यांच्या झांजवाल्याबद्दल त्यांना स्वतःला शंका आहे. आत्महत्या प्रतिबंधाचं विसर्जनानंतर, सप्टेंबरच्या शेवटी, फिरून करायचं, सभा नाही. एकट्या राहणाऱ्या बावीस घरांची यादी आशाताईंनी दिली आहे. मानसिक आरोग्य दिन १० ला न करता सोमवारी, १२ ऑक्टोबरला, तालुक्याच्या दवाखान्यात. पंचायतीची गाडी रुग्णांना घेऊन जाईल. स्वमग्न मुलांचं २ एप्रिलचं शाळेत वेगळं बघते, त्यातलं मला अजून पुरेसं कळत नाही, कोणाला कळत असेल तर लिहा.

आणि गुरुजी, तुमचं मनावर घेतलं. आमच्या गुरवकाकांकडे जाऊन आले. भांडायला गेले नव्हते. म्हटलं, गाऱ्हाण्यात शेतीचं येतं, गुराढोरांचं येतं, परदेशी गेलेल्यांचं येतं, मनाच्या आजाऱ्याचं का नाही? ते बराच वेळ पान जमवत बसले. मग म्हणाले, "ह्या कोणी कधी सांगूकच नाय माका." शिमग्याच्या गाऱ्हाण्यात घालतो म्हणाले. "आणि दवाखान्याची वाट दाखव म्हाराजा" हे शब्द त्यांचेच, मी सुचवलेले नाहीत.

-----

जुना मास्तर | २० जानेवारी, रात्री ९.५०

होय म्हाराजा.

-----

खाडीकाठ | २८ जानेवारी, सायंकाळी ७.४५

ग्रामसभेत मंजूर झालं. एकाने विचारलं, एवढ्या तारखांना पैसा कुठला, सरपंचताई म्हणाल्या, छपाई आणि गाडी सोडली तर यात पैसा आहेच कुठे. स्ट्रिपवाली बाई आली होती. तिच्या मुलाच्या गोळ्या आता नियमित चालू आहेत. ती काही बोलली नाही, पण पहिल्या रांगेत बसली होती.

एसटीच्या थांब्याच्या शेडमध्ये १४४१६ रंगवायचं ठरलं होतं. पेंटर हजार रुपये म्हणाला. भाऊ म्हणाला, मी करतो. आजार व्हायच्या आधी तो गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) मूर्तींचे डोळे रंगवायचा. त्याचा हात आता गोळ्यांनी थोडा कापतो. काल सकाळी पत्र्यावर पांढरा हात मारला, आज दुपारी तांबड्या ऑइलपेंटने आकडे काढायला बसला. आई खाली शिडी धरून. पहिला चार वाकडा आला तसा त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसून परत काढला. मग खाली उतरून मला विचारलं, आकडे मराठीत काढू की इंग्रजीत? मी म्हटलं, मराठी गाव आहे, मराठीत. तो म्हणाला, "फोनवरची बटणं इंग्रजीत असतात. रात्रीचा घाबरलेला माणूस कुठे जुळवत बसेल?" आणि वर चढून त्याने दोन्ही काढले, एकाखाली एक.